‘रश अवर २’ लोकांनी डोक्यावर का घेतला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आमची पिक्चर पाहणाऱ्यांची एक मंडळी आहे. एका अभ्यासिकेच्या वरच्या हॉलमध्ये, लाइट असली तर, पडदा लावतो. पिक्चर संपला की तासभर भांडतो. ‘रश अवर २’ दाखवल्यापासून त्याच त्या शंका येत राहतात. काही पोलीस भरतीच्या पोरांच्या, काही त्यांच्या सरांच्या, काही घरच्यांच्या. उत्तरं एकदाची इथं लिहून ठेवतो. गोष्ट मध्येमध्ये फुटेल. २००१ चा हॉलिवूडचा पिक्चर आहे, आता काय लपवायचं!

गोष्ट काय आहे, थोडक्यात?

लॉस एंजेलिसचा डिटेक्टिव्ह कार्टर, म्हणजे ख्रिस टकर, सुट्टी काढून हाँगकाँगला आलाय. तिथं त्याचा मित्र इन्स्पेक्टर ली, म्हणजे जॅकी चॅन. कार्टरला मजा मारायचीय, लीच्या डोक्यात ड्यूटी आहे. तेवढ्यात अमेरिकेच्या वकिलातीत स्फोट होतो, दोन अमेरिकी कस्टम अधिकारी मरतात आणि संशय रिकी टॅन नावाच्या टोळीवाल्यावर जातो. हा टॅन पूर्वी पोलिसातच होता, लीच्या वडिलांचा जोडीदार. मग बनावट डॉलर, लॉस एंजेलिस, लास व्हेगासचा कॅसिनो असं करत दीड तासात खेळ खलास.

गोष्टीत फार जीव अडकवू नका. बनावट नोटांचा तपास नेमका कसा पुढं सरकला, हे पिक्चर संपल्यावर आमच्यातल्या एकालाही धड सांगता आलं नाही. कुणाचं काही अडलंही नाही.

पहिला भाग पाहिलेला नाही. चालेल का?

चालतंय की. एवढंच माहीत असू द्या: १९९८ च्या पहिल्या भागात ली लॉस एंजेलिसला गेला होता. तो आपल्या तपासात लुडबुड करू नये म्हणून एफबीआयवाल्यांनी त्याला कार्टरच्या गळ्यात मारलं होतं.

दोन पोलिसांच्या जोडगोळीचा हा प्रकार आला कुठून?

‘४८ अवर्स’ (१९८२) आणि ‘लिथल वेपन’ (१९८७) या दोन पिक्चरांनी साचा पक्का केला. पहिल्यात एक पोलीस आणि तुरुंगातून दोन दिवसांसाठी बाहेर काढलेला कैदी. दुसऱ्यात एक संसारी, पन्नाशीला पोचलेला आणि दुसरा जिवावर उदार झालेला. दोघांचं पटत नाही, काम मात्र एकच. भांडणातून हसू येतं आणि गोळीबार सुरू झाला की कळतं, याला त्याच्याशिवाय करमत नाही.

‘रश अवर’ने यात आणखी एक गोष्ट घातली, ती म्हणजे हद्द. दोघांपैकी एक जण कायम स्वतःच्या हद्दीबाहेर. पुढच्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त का चालला?

जॅकी चॅन होता म्हणून, असं आमच्यातले निम्मे म्हणतात. अहो, जॅकी चॅन पहिल्यातही होता आणि पडलेल्या तिसऱ्यातही होता. पहिल्याला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं म्हणून दुसऱ्याला गर्दी झाली, असंही म्हणतात. ते खरं आहे, पण त्याने पहिले दोन-तीन दिवस भरतात. पुढचे आठवडे भरत नाहीत.

माझं म्हणणं असं की पाहुणा बदलला म्हणून दुसरा भाग चालला.

पहिल्या भागात पाहुणा ली. विमानतळावर त्याला घ्यायला आलेला कार्टर एकेक शब्द तोडून, ओरडून बोलतो. समोरच्याला इंग्रजी येत नाही असं त्याने धरूनच चाललेलं असतं. ली गप्प राहून सगळं ऐकून घेतो. आपण हसतो ते पाहुण्याची अडचण बघून, आणि नंतर पाहुणाच वस्ताद निघाला म्हणून.

लोक सिक्वेल, म्हणजे पुढचा भाग, काढतात म्हणजे बहुतेक वेळा तोच पिक्चर थोडा मोठा करून काढतात. दुसऱ्यांदा ली लॉस एंजेलिसला, दुसऱ्यांदा कार्टरची बडबड, स्फोट तेवढे दुप्पट, असं सहज करता आलं असतं. यांनी उचलून कार्टरलाच हाँगकाँगला नेऊन टाकला. तिथं त्याच्या बिल्ल्याला कुणी विचारत नाही. बीडच्या हवालदाराने सुट्टीत हैदराबादला जाऊन चारमिनारपाशी नाकाबंदी लावावी, तसली गत. त्यात त्याला वाटतंय की आपल्याला चिनी येते. शेजारच्या गाडीतल्या दोन मुलींना तो त्यांच्या भाषेत फिरायला चला असं म्हणायला जातो. प्रत्यक्षात काय बोलून बसला ते ली त्याला सांगतो: कपडे काढा आणि एक छोटं बोकड कापा. आमच्या हॉलमध्ये इथं असा काही हशा झाला की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. बोकडाचं नाव निघालं की मराठवाड्यात नुसतं हसू येत नाही, कुणाच्या शेतात आणि किती जणांना बोलावलंय इथपर्यंत चर्चा जाते.

पुढं कराओके बार, म्हणजे गिऱ्हाईकांनीच स्टेजवर गाणी म्हणायची असा बार. मजा करायला नेतो असं सांगून लीने त्याला खरं म्हणजे तपासाच्या कामाला आणलंय. याला पत्ता नाही. गडी स्टेजवर चढून मायकल जॅक्सनचं गाणं म्हणायला लागतो, आणि समोर टोळीची माणसं बसलेली. पाहुणा रंगात आलाय आणि यजमानाचा जीव टांगणीला. सगळा पिक्चर या एका सीनमध्ये आला.

आणि खरी हुशारी पुढं आहे. अर्ध्यावर दोघं अमेरिकेत येतात, की पुन्हा पारडं फिरतं. आता ली पाहुणा आणि कार्टर घरचा. एकाच तिकिटात दोघांची फजिती बघायला मिळते. लेखक जेफ नेथनसनला या एका गोष्टीसाठी मी बाकीचं बरंच माफ करतो.

आकडे काय सांगतात?

३ ऑगस्ट २००१ ला अमेरिकेत लागला. पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या टप्प्यातच ६.७४ कोटी डॉलर. अमेरिकेतली कमाई २२.६ कोटी, जगभराची सुमारे ३४.७ कोटी डॉलर. पहिल्या भागाची जगभरातली कमाई २४.४ कोटी होती. म्हणजे दहा कोटींच्या वर वाढ.

पण हिशोब नीट मांडला तर चित्र थोडं बदलतं. पहिल्याला खर्च आला होता साधारण ३.३ कोटी, दुसऱ्याला ९ कोटी. खर्चाच्या किती पट गोळा झालं हे पाहिलं तर पहिला सातपटीच्या पुढं, दुसरा चारपटीच्या आत. पिक्चर चालला की पुढच्या वेळी नटांचा भाव वाढतो. टकरने दुसऱ्या भागाचे दोन कोटी डॉलर घेतले. मोठ्या गल्ल्याच्या बातम्या पेपरात येतात, पण निर्मात्याला रात्री झोप कुठल्या पिक्चरने लागली हे गल्ल्यावरून कळत नाही.

मग समीक्षकांना का आवडला नाही?

अगदीच आवडला नाही असंही नाही. समीक्षा गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या वेबसाइटवर जेमतेम निम्म्या समीक्षकांनी बरा म्हटलाय. इथं एक घोळ नेहमी होतो. तो टक्का म्हणजे पेपरला पडलेले मार्क नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांनी ‘बघायला हरकत नाही’ म्हटलं, एवढंच तो सांगतो. शंभरच्या शंभर जणांना पिक्चर फक्त बरा वाटला तरी आकडा शंभर दिसणार.

प्रेक्षकांचं मोजमाप वेगळं. ‘सिनेमास्कोर’ नावाची लास व्हेगासची एक कंपनी आहे. पिक्चर लागल्याच्या पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना ती कार्ड देते आणि ग्रेड द्यायला सांगते. ‘रश अवर २’ला लोकांनी ‘ए’ दिला. पहिल्याच रात्री धावत येणारा माणूस मुळात त्या नटांचा चाहता असतो, त्यामुळे हा ग्रेड जरा सढळ असतो. तरीसुद्धा कॉमेडीला ‘ए’ सहजासहजी मिळत नाही.

समीक्षकांच्या तक्रारी मला पटतात. गोष्ट पातळ आहे. टकरची बडबड काही ठिकाणी कान किटवते. विनोद बरेचदा माणसाच्या वंशावर आणि बाईच्या शरीरावर येऊन थांबतो. तिकीट काढलेल्या माणसाने या तिन्ही गोष्टी पाहिल्या आणि तरी ‘ए’ दिला, कारण तो दोघांची जोडी बघायला आला होता आणि जोडी त्याला पोटभर मिळाली. गंमत म्हणजे खुद्द जॅकी चॅनने पुढं उघडपणे सांगितलंय की ही मालिका त्याला स्वतःला फारशी भावली नाही. तो हाँगकाँगच्या पिक्चरांत वाढलेला माणूस. तिथं एका मारामारीवर आठवडेच्या आठवडे घालवायची सवय.

हिंदी डबिंगमध्ये पाहावा की इंग्रजीत?

यावर आमच्याकडं सगळ्यात जास्त भांडणं होतात.

जॅकी चॅन आपल्याकडं आला तोच मुळात हिंदीत बोलत. केबलवर दुपारी त्याचा पिक्चर लागला की गल्लीतली पोरं एका घरात जमायची, आणि तो हिंदीत बोलतोय यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आजही घरच्या मोठ्या माणसांबरोबर पाहायचा असेल तर हिंदीच लावा. वाचायची कटकट नको, हात जेवायला मोकळे.

पण या पिक्चरचा अर्धा विनोद भाषेत आहे. कार्टर भरधाव अमेरिकन इंग्रजी बोलतो, ली मोजकं आणि जपून बोलतो, आणि आजूबाजूला चिनी चाललेली असते. कोण कुणाला कळलं आणि कोण नुसती मान डोलावतंय, यावर सीन उभा राहतो. हिंदीत दोघंही अस्खलित झाले की हा फरक निम्मा पुसला जातो.

आपल्या भागातल्या माणसाला ही मजा जास्त कळायला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. आजही संभाजीनगरच्या बाजारात दखनी ऐकू येते, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड. नांदेडच्या स्टेशनवर गाडीची सूचना तेलुगूतही होते. कुणी दुसऱ्याच भाषेत भराभरा काही विचारलं की आपण ‘हो हो’ म्हणून मोकळं होतो आणि मग कशाला हो म्हटलं ते शोधत बसतो. कार्टर पिक्चरभर हेच करतो.

तेव्हा माझा सल्ला: एकदा हिंदीत बघून घ्या, सुरुवातीचा हाँगकाँगमधला अर्धा पिक्चर मात्र परत इंग्रजीत बघा.

आपल्याकडं लोक नेमकं कुठं हसतात?

बोकडाचं सांगितलंच. त्याखालोखाल मसाज पार्लरची मारामारी. कंबरेला टॉवेल गुंडाळलेले हे दोघं आणि अंगावर येणारी टॅनची माणसं. त्या गोंधळात कार्टर चुकून लीलाच ठोसा हाणतो. आमच्या शोला नेमकी इथंच लाइट गेली. पंखे थांबले, घामाचा वास सुटला, पण उठलं कुणीच नाही. पाथरीचा एक पोरगा हा पिक्चर आधी पाहून आलेला. त्याने अंधारात उभं राहून पुढची मारामारी तोंडाने करून दाखवली, ठोशांच्या आवाजासकट. लाइट आल्यावर खरा सीन लागला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “ह्याच्यापेक्षा त्याचा बरा होता.”

भरतीच्या पोरांना कॅसिनोतला सीन आवडला. लीला आत शिरता यावं म्हणून कार्टर जुगाराच्या टेबलावर भांडण उकरून काढतो आणि सगळ्यांच्या नजरा स्वतःकडं ओढून घेतो. बायकांना, निदान आमच्या हॉलमधल्या, लीच्या तोंडात बॉम्ब कोंबून वरून टेप लावतात तो भाग जास्त आवडला. का, ते विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, “गप बसवायचं त्या दुसऱ्याला सोडून ह्यालाच कामून बसवलं?”

मारामारी खरी असते का?

ठरवलेली असते, पण अंग खरं असतं. जॅकी चॅनचा जन्म १९५४ चा, म्हणजे पिक्चर लागला तेव्हा गडी ४७ वर्षांचा. बांबूच्या परांचीवरची झटापट नीट बघा. हाँगकाँगमध्ये तेव्हा उंच इमारतींनाही बांबूचीच परांची बांधायची पद्धत होती. पायाखाली काय आहे, हाताला काय लागेल, या हिशोबाने तो लढतो. कॅसिनोत कॅशियरच्या खिडकीखालच्या एवढ्याशा फटीतून तो सुळकन पलीकडं जातो. तो सीन मी मागं नेऊन परत परत पाहिलाय.

२००२ च्या एमटीव्ही मूव्ही अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम मारामारीचं बक्षीस या दोघांच्या हाँगकाँगच्या टोळीबरोबरच्या हाणामारीला मिळालं.

नावं सुरू झाली म्हणून उठू नका. शेवटी फसलेले शॉट दाखवतात. हॉलिवूडच्या एका पिक्चरमध्ये ही पद्धत पाहून जॅकी चॅनने १९८० च्या दशकात ती स्वतःच्या पिक्चरांत आणली, आणि पुढं ती त्याची ओळखच होऊन बसली. इथं ऐन शॉटमध्ये टकरचा मोबाइल वाजतो. एका ठिकाणी खलनायक खाली पडतो आणि टकर खिडकीतून बघत म्हणतो की हा काही तिसऱ्या भागात येत नाही. आमच्यातल्या काहींना हाच पिक्चरचा सगळ्यात चांगला भाग वाटला. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

पिक्चरमधली खलनायिका कोण?

झांग झियी. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधून नुकतीच जगभर माहीत झालेली. तिचा हा पहिला हॉलिवूडपट. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, म्हणून संवाद थोडे आणि लाथा जास्त. टॅनचं काम जॉन लोनने केलंय, ‘द लास्ट एम्परर’मधला सम्राट. एवढा नट घेऊन त्याला करायला फार थोडं दिलंय, ही माझी कुरकुर.

तो कॅसिनो खरा आहे का?

इमारत खरी होती. लास व्हेगासचं ‘डेझर्ट इन’ हे जुनं हॉटेल २००० साली बंद झालं होतं. त्यालाच ‘रेड ड्रॅगन’ बनवलं. पुढं ते पाडलं.

तिसरा भाग का पडला?

पडला म्हणजे अगदी झोपला नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये आला आणि जगभरात २५.८ कोटी डॉलर आणले. पण खर्चच १४ कोटींचा, आणि अमेरिकेतली कमाई २२.६ वरून १४ कोटींवर आली. समीक्षकांचं तर विचारूच नका, पाचातल्या एकानेही धड बरा म्हटलं नाही.

कारणं बरीच सांगतात. सहा वर्षांचा खंड पडला. मधल्या काळात टकरने दुसरा एकही पिक्चर केला नाही. जॅकी चॅनचं वय झालं. मला मात्र मूळ चूक दिसते ती पॅरिस. सुरुवात लॉस एंजेलिसला होते आणि मग दोघंही फ्रान्सला जातात. तिथं दोघंही पाहुणे. तिसऱ्याच गावच्या लग्नाला दोन व्याही गेले की कोण कुणाला पंगतीला बसवणार? दोघंही मांडवाच्या कडेला उभे. कार्टरला हसायला ली उरत नाही आणि लीला सांभाळायला कार्टर उरत नाही. दोघं मिळून फ्रेंच लोकांना हसतात, आणि ती गंमत दहा मिनिटांत विरते.

आता पुरावा बघा. त्या पिक्चरमध्ये लोकांना आठवतो कोण? तो फ्रेंच टॅक्सीवाला. आधी अमेरिकनांना शिव्या घालणारा आणि मग त्यांच्या पिक्चरमधल्यासारखं जगायला निघालेला. कारण तिथला घरचा माणूस तो एकटाच आहे.

असे दुसरे सिक्वेल आहेत का, लोकांना आवडलेले?

‘लिथल वेपन २’ (१९८९) आधी बघा. पहिल्याची जगभरातली कमाई १२ कोटींच्या आसपास होती, दुसऱ्याची २२ कोटींच्या वर गेली. जोडी तीच, शहर तेच, पण जो पेशी नावाच्या नटाला तिसरा बडबड्या म्हणून मधे आणून बसवला. खलनायक वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेचे राजनैतिक अधिकारी. पकडलं की ओळखपत्र दाखवून सुटणारे. संडासात बसलेल्या म्हाताऱ्या पोलिसाला कळतं की खाली बॉम्ब आहे आणि उठलं की उडणार. तो सीन लागला की आजही घरात माणसं जेवायची थांबतात.

‘अनदर ४८ अवर्स’ (१९९०) मूळ पिक्चरपेक्षा जास्त पैसे घेऊन गेला आणि कुणाच्या लक्षात राहिला नाही. तेच दोघं, तेच भांडण.

‘२२ जंप स्ट्रीट’ (२०१४) वेगळ्या वाटेने गेला. पहिल्यात दोन पोलीस शाळेत विद्यार्थी बनून जातात, दुसऱ्यात कॉलेजात. साहेब त्यांना तोंडावर सांगतो की मागच्या वेळी केलं तेच परत करा. सिक्वेल म्हणजे तोच माल जास्त पैशात, हे पिक्चर स्वतःच कबूल करून त्यावरच हसतो. पहिल्याची कमाई २० कोटी, याची ३३ कोटी. शेवटी नावांबरोबर पुढच्या काल्पनिक भागांची खोटी पोस्टरं येतात, ती चुकवू नका. ही युक्ती एकदाच चालते, हेही खरं.

‘बॅड बॉईज’वाले २००३, २०२० आणि २०२४ असे तीनदा परत आले आणि दर वेळी थिएटर भरलं. मला ते मोठ्या आवाजाचे वाटतात.

पोरांबरोबर पाहावा का?

अमेरिकेत याला पीजी-१३ दिलंय, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी विचार करावा. मसाज पार्लरमधली मुली निवडायची रांग आणि दुर्बिणीतून बाईला कपडे बदलताना बघायचा सीन, हे दोन्ही दहा-बारा वर्षांच्या पोरासमोर नको वाटतात. आम्ही पुढं ढकलले. चिनी माणसं सगळी सारखीच दिसतात, या छापाचे विनोदही आज घशात अडकतात. मोठ्या पोरांबरोबर पाहिलात तर त्यावर थोडं बोला. ती आपल्यापेक्षा नीट बोलतात.

पोलीस भरतीची तयारी चालू आहे. यातून काही शिकण्यासारखं?

नाही. ग्राउंडला १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक आहे. परांचीवर चढायचे मार्क नाहीत.

हद्दीचा मुद्दा तेवढा ध्यानात ठेवा. हद्द आमची नाही म्हणून फिर्यादीला या ठाण्यातून त्या ठाण्यात पळवायचं, हा प्रकार आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. लेखीला विचारलं तर मंडळीला चहा पाजा.

मराठीत अशी जोडी आहे का?

अर्धी आहे. महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये महेश इन्स्पेक्टर, लक्ष्या साधाभोळा. एक सरळ चालणारा आणि एक सगळं उधळून लावणारा, म्हणजे नातं तेच. लक्ष्या पोलीस नाही, एवढंच. २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले होते. बाहुला होता, इन्स्पेक्टर होता, आपले मकरंद अनासपुरेही होते. पण थिएटरात बसलेला माणूस ज्याला शोधत होता तो नव्हता. जोडीच्या पिक्चरचा दुसरा भाग काढायचा तर जोडी लागते.

चौथा भाग येतोय का?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हॉलिवूडची पॅरामाउंट कंपनी वितरणाला तयार झाल्याच्या बातम्या आल्या. मधे २०१६ ला दुसरे नट घेऊन टीव्ही मालिकाही काढली होती, ती एका सीझनमध्ये गुंडाळली.

आपल्याकडं असा पिक्चर काढायचा तर कुठं काढावा?

धर्माबादला, दुसरीकडं जाऊच नका. एका बाजूला मिरचीचा बाजार, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची हद्द, मधे गोदावरी. बाभळीच्या बंधाऱ्यावरून दोन राज्यांचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. २०१० साली चंद्राबाबू नायडू तिथं आंदोलनाला आले आणि त्यांना आपल्या पोलिसांनी धर्माबादलाच धरलं. याच्याहून तयार सेट कुठं मिळणार?

नांदेडकडचा एक हवालदार, धीमा, दर वाक्याला विचार करणारा. निजामाबादचा एक सबइन्स्पेक्टर, तेलुगू आणि दखनी एका श्वासात बोलणारा. चोर बंधाऱ्यावरून पलीकडं. पहिल्या भागात निजामाबादवाला इकडं येतो. त्याला येसरची आमटी आणि धपाटे आग्रहाने वाढतात. तो ‘बस’ म्हणतो, ते कुणाला ऐकू येत नाही, आणि चोर तेवढ्यात तेलंगणातल्या बासरच्या गाडीत बसतो. दुसऱ्या भागात हवालदार पलीकडं जातो. तिथं त्याला तेलुगू येते असा त्याचा समज असतो.

आणि तिसरा भाग काढायचा मोह झाला, तर दोघांना मुंबईला पाठवू नका.